रुक्मिणीच्या काळात पेटी होती का?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: जुना काळ दाखवणारा चित्रपट आणि त्यात नव्या काळाचं संगीत. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की मी तीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. जे लिहिते ते त्या बैठकीवरून लिहिते.

प्रश्न: सुटीत आम्ही घरच्यांनी मिळून ‘मुलाँ रूज’ पाहिला. मी आणि मुलगी रडलो. सासरे दहाव्या मिनिटाला उठून गेले. “१८९९ सालचं पॅरिस दाखवता आणि गाणी लावता माझ्या कॉलेजच्या दिवसांतली, हा प्रेक्षकाचा अपमान आहे,” असं म्हणाले. ते इंग्रजी गाणी ऐकतच वाढलेत, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. बरोबर कोण? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सासऱ्यांना उठावंसं वाटलं, याबद्दल त्यांना बोल लावू नका. सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत दिग्दर्शक बाझ लुहरमन कात्री इतकी भराभर चालवतो, की ठेका अंगात भिनायच्या आत दृश्य पळालेलं असतं. आयुष्यभर साथ केलेल्या माझ्या हातांना तो भाग आजही सोसत नाही. गाण्याला बसायला जागा लागते. पण सासऱ्यांनी बोट ठेवलं ते कात्रीवर नाही, सालावर. आणि तिथे मी तुमच्या बाजूची आहे.

तुम्ही पहिल्यांदा रडलात ती जागा बहुधा हत्तीच्या आकाराच्या त्या खोलीतली असणार. (मूळच्या मुलाँ रूजच्या, म्हणजे पॅरिसमधल्या त्या नावाच्या नाचघराच्या बागेत खरोखरच एक भलामोठा हत्ती उभा होता.) गरीब कवी नायिकेसमोर उभा आहे. काहीतरी म्हणून दाखवायचंय, पण चाचरतोय, शब्द फुटत नाहीत, आणि एकदम एल्टन जॉनचं १९७० सालचं ‘युअर साँग’ त्याच्या तोंडून येतं. इथे दिग्दर्शकाने १८९९ च्या वळणाची एखादी नवी कविता लिहून घेतली असती तर? ती थोर आहे, हे आपल्याला नायिकेच्या चेहऱ्याकडे बघून मानून घ्यावं लागलं असतं. आता तसं मानून घ्यावं लागत नाही. ते गाणं तुमच्या सासऱ्यांच्या मनात अर्धशतक राहायला आलेलं आहे. पोरगा खरा कवी आहे, याचा पुरावा प्रेक्षक घरूनच घेऊन येतो.

आपल्या रंगभूमीने हे फार पूर्वी केलंय. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ छापलेली असते, म्हणजे हे पद कुठल्या माहीत असलेल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. त्यात कण्वाच्या आश्रमातली माणसं साकी आणि दिंडी गातात. साकी-दिंडी लोकांच्या कानावर होती ती कीर्तनामुळे. कालिदासाच्या शकुंतलेला एकोणिसाव्या शतकातल्या पुणेकरांच्या ओळखीच्या चाली दिल्या, आणि त्यामुळेच ती त्यांना आपल्या घरातली वाटली.

त्याच ऑक्टोबर १८८० मध्ये, ५ तारखेला, पॅरिसमध्ये जाक ऑफेनबाख नावाचा संगीतकार वारला. त्याची आठवण मुद्दाम काढते. झालरीचे घागरे उडवत मुली नाचतात ती ‘कॅन-कॅन’ची धून सगळ्या जगाला ठाऊक आहे. डोळे मिटून ऐकली तरी मुलाँ रूज दिसतं. ती ऑफेनबाखची, १८५८ सालची. आणि ती पॅरिसच्या नाचघराबद्दल नव्हतीच. ऑर्फियसच्या ग्रीक पुराणकथेवरच्या संगीत नाटकात ग्रीक देव पाताळात जाऊन बेभान नाचतात, त्या प्रसंगाची ती धून. ज्यूल जानँ नावाच्या नामांकित समीक्षकाने पवित्र प्राचीन काळाची विटंबना म्हणून त्यावर टीकेची झोड उठवली, आणि तिकिटांसाठी रांगा लागल्या. मुलाँ रूज उघडलं १८८९ साली, ऑफेनबाख जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. म्हणजे सासऱ्यांना त्या चित्रपटातली जी एक गोष्ट अस्सल, त्या काळची वाटली असेल, तीच मुळात दुसऱ्या कुणाच्या तरी काळात घुसवलेलं नवं संगीत होती.

एक आपल्याकडचा धागाही सांगा त्यांना. राजस्थानात पाहिलेल्या एका हिंदी चित्रपटावरून आपल्याला या चित्रपटाची वाट सापडली, हे लुहरमनने सांगितलेलं आहे. म्हणूनच शेवटच्या भागात ‘चायना गेट’ (१९९८) मधलं ‘छम्मा छम्मा’ ऐकू येतं. अनु मलिकची चाल, अलका याज्ञिकचा आवाज. आणि मूळ गाण्यावर नाचलेली आपली उर्मिला मातोंडकर.

टँगोचा प्रसंग मात्र त्यांना बसवून दाखवाच. गाणं ‘पोलिस’ या बँडचं ‘रॉक्सॅन’, १९७८ सालचं. त्याला टँगोचा साज चढवलाय, आणि टँगोचं वेड पॅरिसला लागलं पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-चार वर्षांत. असा दोन्हीकडून काळ चुकलेला आहे. आणि तरी मत्सर एखाद्या माणसाला आतून कसा कुरतडतो, हे मी पडद्यावर इतकं नेमकं क्वचितच ऐकलंय. व्हायोलिनवर गज घासला जातो तेव्हा तो तारेवर नाही, कुणाच्या तरी कातडीवर घासला जातोय असं वाटतं.

प्रश्न: मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ने मला आजही त्रास होतो. पण ‘मुघल-ए-आझम’ मी अकरा वेळा पाहिलाय आणि त्यातल्या संगीताबद्दल कधी शंकाही आली नाही. हा माझा पक्षपात आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: गुरुजी, आहे. आणि तुमच्याइतकाच माझाही आहे.

‘मुघल-ए-आझम’मध्ये तानसेनाच्या तोंडी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज आहे. सोहनी रागातलं ते गाणं मी ऐकते तेव्हा हातातलं काम थांबतं. पण त्याचा लोचदार, लडिवाळ ढंग ठुमरीचा आहे. अकबराच्या दरबारात गायला जायचा धृपद. ख्यालाला मोठेपण आलं महंमदशाह रंगीलाच्या दरबारात, सदारंगांच्या हातून, म्हणजे अठराव्या शतकात. ठुमरी बहरली ती त्याहून पुढे, एकोणिसाव्या शतकात लखनौला वाजिद अली शाहांच्या आश्रयाने. तानसेन आपल्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी फुललेलं गाणं गातोय. शिवाय मागे भरगच्च वाद्यवृंद. कुणी ब्र काढला नाही, कारण नौशादांनी तो सांधा असा बुजवला की बोट फिरवून कळू नये.

‘पिंगा’चा सांधा उघडा आहे, म्हणून तो टोचतो. पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. पिंगा हा मंगळागौरीच्या जागरातला खेळ. माजघरात किंवा वाड्याच्या चौकात बायकाच बायका, रात्र चढलेली, लुगड्याचे ओचे खोचलेले. त्याला वाद्य लागत नाही. ताल पायांचा, टाळीचा आणि तोंडाने काढलेल्या आवाजाचा. दिवसभर राबणाऱ्या बाईला कुणाच्या नजरेखाली न येता दमेपर्यंत नाचता यायचं, ती ही रात्र. चित्रपटाने दोघींना झगमगीत रांगेच्या मधोमध आणून बघणाऱ्यांसाठी नाचवलं. ढोल कुठल्या सालचा यावर मी भांडणार नाही. गाण्याची खोली बदलली, यावर भांडीन. काशीबाई आणि मस्तानी अशा एकत्र नाचतील का, हा पेशव्यांच्या वंशजांनी घेतलेला आक्षेप इतिहासाचा आहे; त्यावर तुम्ही माझ्याहून अधिकाराने बोलाल.

आता तुमच्यासमोर माझी एक अडचण ठेवते. माझी आजी रोज पहाटे ‘आधी बीज एकले’ म्हणायची. तुकोबांचा अभंग म्हणून म्हणायची, आणि मीही तो तसाच शिकले. पुढे कळलं, की ते पद प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलं आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. जाणकारांनीसुद्धा ते गाथेत शोधलं होतं म्हणतात. आठवल्यांची आणि भोळ्यांची ताकद पाहून मी हात जोडते. पण त्याच वेळी काळजात थोडं चर्र होतं. सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी विसाव्या शतकातले शब्द गेले आणि परत आलेच नाहीत, त्याचेच होऊन बसले. ‘पिंगा’ने कुणाची फसगत केली नाही, ते गाणं पेशवाईतलं आहे असं शाळेतलं पोरसुद्धा मानत नाही. न दिसणाऱ्या सांध्याने आपला भूतकाळच बदलतो. म्हणून हल्ली मी उघड्या सांध्याला जास्त प्रामाणिक मानते, कानाला तो टोचला तरी.

प्रश्न: मग काळाला तंतोतंत धरून केलेलं संगीत कुठल्या चित्रपटात आहे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर: लोक या प्रश्नाला हटकून ‘बॅरी लिंडन’ (१९७५) असं उत्तर देतात. स्टॅन्ली कुब्रिकने अठराव्या शतकातल्या खोल्या मेणबत्त्यांच्या उजेडात टिपता याव्यात म्हणून झाइसच्या एफ ०.७ च्या खास भिंगांनी चित्रण केलं, इतका तो काटेकोर. पण नायक आणि लेडी लिंडन एकमेकांकडे बघत गच्चीवर येतात तेव्हा जे पियानो, व्हायोलिन, चेलो वाजतं ते शूबर्टचं, १८२७ सालचं. आणि आयर्लंडमधल्या प्रेमप्रसंगाला जी हुरहुर लावणारी धून आहे ती शॉन ओ रिआदाची, चक्क विसाव्या शतकातली. मेणबत्त्या खऱ्या, सूर नंतरचे. मला त्यात काडीचीही तक्रार नाही. त्या गच्चीवर शूबर्टच हवा होता.

याच्या शेजारी ‘अ नाइट्स टेल’ (२००१) ठेवून बघा. चौदाव्या शतकातल्या भालेदारांच्या झुंजी, आणि कठड्यावर हात आपटत गर्दी ठेका धरते तो क्वीन या ब्रिटिश बँडच्या १९७७ सालच्या गाण्यावर. नाचाचा प्रसंग तर साथीदारांनी अभ्यासावा असा आहे. सुरुवातीला जुन्या वळणाची, संथ, अदबीची धून. जोडपी मोजून पावलं टाकताहेत. आणि हळूहळू, कधी ते कळू न देता, डेव्हिड बोईचं ‘गोल्डन इयर्स’ सुरू झालेलं असतं आणि अंगं मोकळी झालेली असतात. सांधा आपल्या डोळ्यांदेखत उघडून दाखवलाय, पण लय कुठे तुटलेली नाही. एका रागातून दुसऱ्यात शिरून सम चुकू न देणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न: फ्रान्सच्या अठराव्या शतकातल्या राणीवरच्या ‘मारी आंत्वानेत’ला कान चित्रपट महोत्सवात हुर्यो उडवली गेली, असं वाचलं. आता माझ्या वर्गातल्या मुली तो पुन:पुन्हा बघतात. हुर्यो उडालेला चित्रपट डोक्यावर कसा घेतला जातो? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: हो, २००६ साली पत्रकारांच्या खेळात काहींनी हुर्यो उडवली. सोफिया कोपोलाने खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यात चित्रण केलं, कपड्यांसाठी चित्रपटाला ऑस्कर मिळालं, आणि संगीत मात्र दोन काळांतलं घेतलं: एकीकडे अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार रामो, दुसरीकडे १९७८ च्या आसपासची आणि नंतरची ब्रिटिश पंक-पॉप गाणी. मुखवट्यांच्या नाचाला त्यातलंच ‘हाँगकाँग गार्डन’ वाजतं. त्याची सुरुवात तंतुवाद्यांवर होते, आणि मग गाणं उसळी मारतं.

तुमच्या मैत्रिणींना त्यात काय दिसतं, हे मला वाटतं मला कळतं. चौदाव्या वर्षी परक्या देशात लग्न होऊन आलेली मुलगी. उठल्यापासून निजेपर्यंत भोवती माणसं, कपडे घालतानासुद्धा. त्या मुलीच्या कानात काय वाजत असेल? रामोचं संगीत आज आपल्याला संग्रहालयाची आठवण करून देतं. तिला तसं वाटत नसणार. तिला व्हिएन्नात संगीत शिकवलं होतं ऑपेरा रचणाऱ्या ग्लुकने, आणि पुढे १७७४ मध्ये त्याचा नवा ऑपेरा पॅरिसमध्ये झाला तो तिच्याच पाठबळावर. ते तेव्हाचं वादग्रस्त, नवं संगीत होतं. थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये ग्लुकवाले आणि पिचिन्नी या इटालियन संगीतकाराच्या बाजूचे पिचिन्नीवाले असे दोन तट पडून एकमेकांवर तुटून पडले. नव्या गाण्यावरून होणाऱ्या भांडणांत ती राणी स्वतः वाढलेली आहे. तिच्या चित्रपटावरून भांडण झालं, हे तिच्या इतिहासाला धरूनच झालं.

आणि बघा, वर ज्या ऑफेनबाखबद्दल लिहिलं, त्याने आपल्या ऑर्फियसमध्ये ज्या थोर गाण्याची टर उडवली ते ग्लुकचंच.

चित्रपट डोक्यावर घेतला जातो तो बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यातून. ब्रायन डी पाल्माचा ‘फँटम ऑफ द पॅरडाइज’ (१९७४) जवळपास सगळीकडे पडला, पण कॅनडातल्या विनिपेग शहरात महिनोन्‌महिने चालला. ‘रॉकी हॉरर’ १९७५ ला पडला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका थिएटरातल्या मध्यरात्रीच्या खेळांनी उठला. ज्यांना दिवसा कुठे जागा नव्हती अशी पोरं तिथे येऊन पडद्याशी बोलायला लागली. आपल्याकडे ‘घाशीराम कोतवाल’चं बघा. १९७२ साली भास्कर चंदावरकरांच्या संगीतात कीर्तनातून लावणी उमलली आणि पुणं दुभंगलं. एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं गेलं. मग ज्यांना ते जिवापाड हवं होतं त्यांनी नवी संस्था काढली आणि १९८० मध्ये ते युरोपात नेलं. सगळ्यांना थोडंथोडं आवडणाऱ्या कलाकृतीसाठी कुणी संस्था काढत नाही.

प्रश्न: ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ पाहून चर्चला जाणारी माझी मावशी दुखावली, मला मात्र त्यातूनच येशू माणूस म्हणून कळला. मराठीत असं कधी झालं का? (एक वाचक, वसई)

उत्तर: मावशींचं दुखणं हलकं समजू नका. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते रॉक संगीताचं नाटक म्हणून आलं तेव्हा ख्रिस्ती आणि ज्यू, दोन्ही बाजूंचे लोक दाराशी निषेधाला उभे होते. पण नॉर्मन जुइसनच्या १९७३ च्या चित्रपटाची सुरुवात त्यांना दाखवा: वाळवंटात एक बस येते, नटमंडळी उतरतात, सामान उतरवतात, कपडे चढवतात. पुढे रणगाडेही येतात. ‘हे आम्ही आज करून दाखवतोय,’ असं पहिल्या क्षणालाच सांगून टाकलंय. संगीत नाटकाच्या नांदीनंतर सूत्रधार येऊन हेच तर सांगतो.

मराठीतलं विचारता, तर दुवा अगदी सरळ आहे. अलेक पदमसींनी १९७४ मध्ये मुंबईत ‘सुपरस्टार’ केलं, तेव्हा जूडास झाले होते नंदू भेंडे. तोच रॉकचा गळा १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त आला. त्याचं मूळ ब्रेख्त आणि कुर्ट वाइलचं १९२८ सालचं, आणि त्याचंही मूळ जॉन गेचं लंडनमधलं १७२८ सालचं नाटक. गेने काय केलं होतं? रस्त्यावर लोक गुणगुणत त्या चाली उचलल्या आणि त्यांवर नवे शब्द बसवले. किर्लोस्करांच्या पुस्तकातल्या त्या ‘चाल’ या शब्दाचा लंडनमधला थोरला भाऊच म्हणायचा. तमाशाचा बाज, लावणी आणि गिटार एकाच रंगमंचावर ऐकून माझ्या ओळखीचे दोन ज्येष्ठ साथीदार मध्यंतरात निघून गेले होते. मी थांबले, आणि घरी जाऊन रात्रभर त्यातली एक चाल पेटीवर बसवत राहिले. बसली नाही. तिला गिटारच हवी होती.

प्रश्न: मी सहावीत आहे. आजोबांबरोबर ‘स्वयंवर’ नाटक पाहिलं. रुक्मिणीच्या काळात पेटी होती का? (सांगली)

उत्तर: नव्हती, बाळा. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. अजूनही जुन्या पेट्यांत ‘पॅरिसचे सूर’ आहेत असं कौतुकाने सांगतात. तू पाहिलंस तो बहुधा ऑर्गन असेल, तिचा पायाने भाता चालवायचा भाऊ. ‘स्वयंवर’ १९१६ सालचं. रुक्मिणी ‘नाथ हा माझा’ म्हणते तो राग यमन, आणि चाल दिली भास्करबुवा बखल्यांनी. त्या ख्यालाच्या वळणाचं गाणंही रुक्मिणीच्या काळात नव्हतं. मी ते पद कितीतरी वेळा वाजवलं, पण हा प्रश्न मला स्वतःला पडायला वीस वर्षं लागली. तुला पहिल्याच प्रयोगाला पडला, याचा मला फार आनंद झाला.

पुढच्या वेळी आजोबांना सांग, पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची घ्या. पद सुरू व्हायच्या आधी क्षणभर ऑर्गन वाजवणाऱ्याच्या पायांकडे बघ. सूर यायच्या आधी पाय हलतात.